साखरेच्या पट्ट्यातलं गोड पान

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



मी ज्या गावात सून म्हणून आले, त्या गावात साखरेला कुणी नाही म्हणत नाही. सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका. चारी बाजूंनी ऊस. हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टरची घरघर आणि वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास. दिवाळीच्या तोंडावर सभासदांची सवलतीची साखर यायची. पोतं घरात आलं की सासूबाई त्याला हळदीकुंकू लावायच्या. कुणाच्या चहात साखर कमी पडली तर ‘उसाच्या मालकाकडे साखरेचा दुष्काळ पडला काय?’ हा टोमणा ठरलेला. अशा घरात २०१२ साली माझ्या यजमानांना मधुमेह निघाला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि साखर बंद म्हणाले. त्या रात्री मी सहज हिशेब केला. यांचा दिवसाचा चहा तीन कप. दर कपाला दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला तीस ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळजवळ अकरा किलो. एका माणसाच्या पोटात नुसत्या चहावाटे अकरा किलो साखर! त्यात पोळीबरोबरचा गूळ नाही, सणावाराची पुरणपोळी नाही, लग्नातली जिलबी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी, पंचवीसच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. पंचवीस ग्रॅम म्हणजे पाच चमचे. आमच्याकडे ते दुपारच्या चहालाच संपायचे.

यजमानांनी लगेच तोड काढली. ‘साखर नको ना? मग गुळाचा चहा कर.’ ही समजूत केवळ त्यांचीच नाही, शिकल्यासवरलेल्या घरांतही मी ती ऐकते. गुळात थोडं लोह असतं, इतर क्षार असतात, त्याला स्वतःची चव असते, हे सगळं खरं. पण गुळाचा मोठा भाग म्हणजे साखरच. खडीसाखर ही तर साखरेचीच सख्खी बहीण. मधातली साखर वेगळ्या जातीची, एवढंच. रक्तात उतरल्यावर या सगळ्यांची ओळख एकच होते. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तरी हे यांच्या गळी उतरवायला मला दोन महिने लागले.

मग आठवण झाली ती भाऊजींच्या मळ्यातल्या झाडांची.

माझ्या दिरांनी २०१० साली अर्ध्या एकरात स्टीव्हिया लावला होता. कुणी एक दलाल गावात आला होता. त्याच्या हातात रंगीत पत्रकं आणि तोंडात एकच वाक्य : ‘उसापेक्षा पाणी कमी, पैसा जास्त, आणि पाला आम्हीच उचलणार.’ रोपं महाग होती, कारण ती प्रयोगशाळेत वाढवलेली, असं त्याने सांगितलं. यात तथ्य होतंच. स्टीव्हियाचं बी फार कमी उगवतं, म्हणून फांदीच्या तुकड्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने रोपं करावी लागतात. पण आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. या झाडाला ओल लागते, पण मुळांशी पाणी साचलेलं मुळीच चालत नाही. पहिल्याच पावसाळ्यात निम्मी रोपं कुजली. उरलेल्यांचा पाला भाऊजींनी कापला, सावलीत वाळवला, पोत्यात भरला आणि दलालाला फोन लावला. फोन काही उचलला गेला नाही. पुढे तो क्रमांकच बंद झाला.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. उसाच्या दराबद्दल आपण कितीही भांडलो तरी ऊस घेणारा कारखाना पंचक्रोशीत असतो. त्याचं वजन होतं, पावती मिळते. प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या पिकामागे एक व्यवस्था उभी आहे. स्टीव्हियाच्या पानातून गोडी वेगळी काढायची तर पानं गरम पाण्यात मुरवायची, तो काढा गाळून शुद्ध करायचा, मग त्यातले स्फटिक काढायचे. हे काम शेतकऱ्याच्या परड्यात होत नाही. जवळ कारखाना नसेल तर पाला म्हणजे नुसता पाला. भाऊजींचं ते पोतं माळ्यावर पडून पडून बुरसलं. पीक वाईट नव्हतं, गोडही होतं. विकत घेणारा नव्हता.

विहिरीजवळच्या उंच बांधावर मात्र पाच-सहा रोपं तग धरून होती. त्यांच्या फांद्या आणून मी गच्चीवर कुंड्यांत लावल्या. निम्मी माती, निम्मं वाळू-शेणखत, आणि कुंडीच्या बुडाला खापऱ्या. तीन आठवड्यांत पालवी फुटली.

या झाडाचं मूळ गाव पार दक्षिण अमेरिकेतलं पॅराग्वे. तिथले ग्वारानी लोक शेकडो वर्षं ही पानं चघळत आले, ‘माते’ नावाच्या त्यांच्या कडवट पेयात घालत आले. त्यांच्या भाषेत या झाडाच्या नावाचा अर्थच मुळी ‘गोड पाला’. मोइसेस बेर्तोनी नावाचे स्विस वनस्पतितज्ज्ञ पॅराग्वेत जाऊन राहिले होते. त्यांनी १८९९ साली या झाडाची शास्त्रीय नोंद केली. रासायनिक तपासणी करणारे ओविदियो रेबाउदी यांच्यावरून त्याला ‘स्टीव्हिया रेबाउदियाना’ हे नाव मिळालं. पानातलं गोड द्रव्य, स्टीव्हिओसाइड, १९३१ साली दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी वेगळं केलं. जपानमध्ये १९७०च्या दशकापासून ते लोणच्यांपासून थंड पेयांपर्यंत वापरात आहे. अमेरिकेत शुद्ध अर्काला २००८मध्ये वाट मोकळी झाली, युरोपात २०११मध्ये आणि आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली परवानगी दिली. आज सर्वांत जास्त पीक चीनमध्ये निघतं. ज्यांनी ही गोडी प्रथम ओळखली त्या ग्वारानी लोकांच्या हाती मात्र या व्यापारातलं फारसं काही आलेलं नाही, आणि आपल्या वाट्याची मागणी ते आता उघडपणे करू लागले आहेत.

आपल्याकडे या झाडाला कुणी ‘गोड तुळस’ म्हणतं, कुणी ‘मधुपर्णी’. नावं गोड आहेत, पण फसवी. तुळशीशी याचं नातं नाही, हे झाड शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. आणि ‘मधुपर्णी’ हे जुन्या आयुर्वेदग्रंथांत गुळवेलीचं नाव आहे. गुळवेल चाखून पाहिली आहे का कधी? कडूजहर! माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मधुमेहाचं झाड म्हणून बाजारातून गुडमार आणली होती, जिला बेडकीचा पाला म्हणतात. तिचं तर सगळं उलटं. तिचं पान चघळलं की जिभेवरची गोड चव काही वेळ पुसलीच जाते. साखर तोंडात टाकली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. त्या बाई दोन दिवस चहात पानं घालून ‘गोड का होत नाही’ म्हणून मला विचारत होत्या.

खरं तर गोड पाला आपल्याला नवा नाही. विड्यात गुंजेचा पाला घालतात, तो गोडच असतो. मात्र त्याच वेलीच्या लालचुटूक बिया भयंकर विषारी. ज्येष्ठमधही गोड, साखरेच्या कितीतरी पट. पण ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. म्हणून ‘झाडाचं आहे, मग अपाय कसला?’ असं कुणी म्हणालं की माझ्यातली शिक्षिका जागी होते. स्टीव्हियाच्या बाबतीत सांगायचं तर परवानगी आहे ती शुद्ध केलेल्या अर्काला. तो पचनमार्गाच्या वरच्या भागात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलतात, पुढे यकृतातून जाऊन तो लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून त्यातून उष्मांक मिळत नाहीत आणि रक्तातली साखर चढत नाही. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००८ साली त्याची रोजची मर्यादा ठरवून दिली. साठ किलोच्या माणसाने त्या मर्यादेपर्यंत पोहोचायचं तर शंभर ग्रॅमहून अधिक साखरेइतकं गोड खावं लागेल. कच्च्या पाल्याची तेवढी तपासणी झालेली नाही. मी दोन-चार पानं वापरते, पण ओंजळभर पाला उकळून औषध म्हणून पिणाऱ्यांना मी हात जोडते. आणि या पानांनी मधुमेह बरा होतो असं सांगून गोळ्या बंद करायला लावणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून चार हात दूर राहावं.

आता स्वयंपाकघरात येऊ. पहिल्या दिवशी मी चहात चार हिरवी पानं टाकली. चहाला हिरवट झाक आली आणि चव काढ्याची. यजमान म्हणाले, ‘हे मी आजारी असल्याची आठवण करून द्यायला केलंयस का?’ मग कळलं की पानं वाळवून, बारीक पूड करून वापरायची आणि अगदी चिमूटभर. वाळलेलं पान साखरेच्या दहा-पंधरा पट गोड असतं आणि शुद्ध अर्क दोनशे ते तीनशे पट. आपला हात चमच्याला सरावलेला. पहिल्या पंधरा दिवसांत मी इतकं गोड केलं की ते कडू झालं. यामागेही शास्त्र आहे. हे द्रव्य जिभेवरच्या गोड चवीच्या ग्राहींना चिकटतं, तसं थोडं कडू चवीच्या ग्राहींनाही चिकटतं. प्रमाण वाढलं की कडवटपणा वर येतो. शिवाय ही गोडी जरा उशिरा येते आणि आली की पाहुण्यासारखी लवकर उठत नाही.

लिंबाच्या सरबतात ती छान बसते, कारण आंबट चव कडवटपणा झाकते. कोकमाच्या सरबतातही. दह्यात चालते. खीर बरी होते, वेलदोडा थोडा जास्त घालावा. उष्णतेने ही गोडी नासत नाही, त्यामुळे उकळायला हरकत नाही. पण जिथे साखर नुसती गोडीसाठी नसते, तिथे हे पान हात टेकतं. श्रीखंडात साखर विरघळते म्हणून चक्का सैल, मऊ होतो. स्टीव्हिया घातलेलं श्रीखंड म्हणजे गोड चक्का, घट्टच्या घट्ट. पाकाची तार धरायला साखरच हवी. रव्याच्या लाडवांचा प्रयोग मी केला, तो लाडू न होता गोड रवाच राहिला. सगळ्यांत मोठी फजिती मोरांब्याची. दहा कैऱ्यांचा मोरांबा मी स्टीव्हियावर केला, बरणी भरली, फडकं बांधलं. आठव्या दिवशी वर पांढरी-हिरवी बुरशी. मोरांबा वर्षभर टिकतो तो साखरेमुळे. साखर फोडींतलं पाणी बांधून ठेवते, बुरशीला ते मिळत नाही. चिमूटभर अर्क पाणी कसं बांधणार? हा धडा मी वर्गात वीस वर्षं शिकवला होता. बरणी भरताना तो आठवला नाही.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, हे सगळं ओट्यावर बसून बघायचे. त्यांनी एकदा पान चघळून पाहिलं आणि म्हणाले, ‘गोडी हाय, पर वजन न्हाई.’ माझ्या सगळ्या वाचनातून मला जे सांगता आलं नसतं, ते त्यांनी चार शब्दांत सांगितलं.

बाजारात ज्या पुड्या मिळतात त्यांच्याबद्दल दोन शब्द. एक ग्रॅमच्या पुडीत स्टीव्हियाचा अर्क अगदी किंचित असतो. बाकी भर डेक्स्ट्रोजची, माल्टोडेक्स्ट्रिनची किंवा एरिथ्रिटॉलची, कारण एवढीशी पूड चिमटीत धरता येणार नाही. एका पुडीने काही बिघडत नाही. पण ‘नैसर्गिक’ हे ठळक अक्षर वाचून झाल्यावर मागची बारीक अक्षरंही वाचावीत. चष्मा लावून.

तर असं आमचं चाललं होतं. यांचा चहा सुधारला, तपासणीतले आकडेही उतरले. त्यात चालण्याचा आणि गोळ्यांचा वाटा मोठा, पण श्रेय मी पानालाच देत होते. माझा उत्साह इतका वाढला की मी घरात साखर ठेवणंच बंद केलं. सभासदांची साखर आली की परस्पर भाऊजींकडे पाठवायची. डबा धुऊन त्यात मी पोहे भरले. आमचं घर बिनसाखरेचं, असं मी चारचौघांत सांगत असे. या गावात तसं सांगायला धाडस लागतं, असंही मला वाटायचं.

२०१७ सालचा पावसाळा. तोवर यांना इन्सुलिन सुरू झालं होतं. एका संध्याकाळी मळ्यातून चालत आले ते घामाने निथळत. हात थरथरत होते. मी काही विचारलं तर विनाकारण चिडले, मग बोलणं असंबद्ध होऊ लागलं. साखर उतरली, हे मी ओळखलं. गोड द्यायला हवं, हेही कळलं. फ्रिजमध्ये लिंबाचं सरबत तयार होतं. मी भराभर एक पेला पाजला, पाच मिनिटांनी दुसरा. ‘गोड लागतंय ना?’ असंही विचारलं. त्यांनी मान हलवली. पण घाम थांबेना. यंत्र काढून बोटाला सुई टोचली. बावन्न. सत्तरच्या खाली गेलं की धोका, आणि इथे बावन्न. माझ्या हातातल्या पेल्याकडे मी पाहिलं आणि माझे पाय गळाले. ते सरबत स्टीव्हियाचं होतं. मी त्यांच्या जिभेला गोड देत होते, रक्ताला नाही.

साखरेचा डबा उघडला, त्यात पोहे. शेजारच्या वहिनी बाहेरगावी. भाऊजींचं घर मळ्यात, दहा मिनिटांच्या वाटेवर. उसाने वेढलेल्या गावात, कारखान्याच्या सभासदाच्या घरात, मला तीन चमचे साखर सापडत नव्हती.

तेवढ्यात मामंजी काठी टेकत आतून आले. त्यांच्या हातात एक जुना पितळी डबा. काही न बोलता त्यांनी तो माझ्यापुढे धरला. आत गूळ. माझी बिनसाखरेची राजवट सुरू झाल्यापासून ते हा डबा उशाशी लपवून ठेवत होते आणि रात्री खडा तोंडात टाकून झोपत होते. मी गूळ कुस्करला, पाण्यात विरघळवला, घोट घोट पाजला. पंधरा मिनिटांनी चौऱ्याऐंशी. हे उठून बसले आणि म्हणाले, ‘सगळे असे का उभे आहात?’

श्रोतेहो, हे मी आज मुद्दाम सांगते आहे, कारण त्या पुड्यांवर हे लिहिलेलं नसतं. ज्या घरात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारं माणूस आहे, त्या घरात खरी साखर किंवा ग्लुकोजची पूड हाताशी हवीच. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, गरज पडली तर पुन्हा द्यायचं आणि बरं वाटल्यावर काही खायला घालायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि घरातली गोड पेयं कशाची आहेत, ते बाटलीवर लिहून ठेवायचं. मी आता लिहिते, मोठ्या अक्षरांत.

पान मी सोडलं नाही. चहाला, सरबताला ते आहेच. मात्र माझ्या वागण्यात एक फरक पडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून अशा बिनसाखरेच्या गोड पदार्थांवर विसंबू नये, आणि त्यांच्या यादीत स्टीव्हियाही आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ही शिफारस नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं आहे. पण माझी नात सुट्टीत आली की मी तिच्या दुधात साखर घालत नाही, तसं पानही घालत नाही. सुरुवातीला तिने तोंड वाकडं केलं. आता तिला दुधाचीच चव लागते म्हणते. यजमानांच्या चहातली चिमूटही मी महिन्या-महिन्याने बारीक करत गेले. त्यांच्या लक्षात आलेलं नाही. आज हे भाषण ऐकलं तर येईल.

मामंजी २०२० साली गेले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन. त्यांचा पितळी डबा मी ओट्यावरच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आहे. दर दोन महिन्यांनी त्यातला गूळ बदलते. यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते, बाहेर पडताना मी चाचपून बघते.

दिवस लहान होऊ लागले की स्टीव्हियाला बारीक पांढरी फुलं येतात आणि फुलं आली की पानांची गोडी उतरते. गच्चीवरच्या तीन कुंड्यांत कालच कळ्या दिसल्या. उद्या सकाळी त्या खुडायच्या आहेत.